समुद्राशी जोडलेली टाकी

द्रव साठवणारी कोणतीही टाकी ही खरे पाहता दोन पदार्थांची टाकी असते, कारण तिच्यातून द्रव जसजसा काढला जातो तसतशी मोकळी होणारी जागा दुसऱ्या कशाने तरी भरावी लागते, आणि जमिनीवर हे काम हवा इतक्या बिनबोभाट करते की तिची दखलही घेतली जात नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील सुपा येथील औद्योगिक वसाहतीत माल उतरवण्यासाठी थांबलेल्या ट्रकच्या डिझेल टाकीला हवा आत येण्यासाठी एक बारीक वाट ठेवलेली असते. पुणे-अहिल्यानगर महामार्गावरील पेट्रोल पंपांच्या कोपऱ्यात जे उंच, सडपातळ नळ उभे दिसतात, तेही जमिनीखालच्या टाक्यांच्या श्वासनलिकाच होत. ही वाट बुजली आणि पंप इंधन ओढतच राहिला, तर टाकीतील दाब उतरत जातो, बाहेरच्या हवेचा दाब मात्र दर चौरस मीटरला सुमारे १० टन इतका कायम राहतो आणि अखेर टाकीचा पत्रा आत चेपला जातो. टाकी बाहेरून कोणी दाबलेली नसते. आतून मिळणारा आधार तेवढा नाहीसा झालेला असतो.

हीच टाकी पाण्याखाली नेल्यावर प्रश्नाचे स्वरूप पालटते. तेथे रिकामी जागा भरण्यासाठी मोफत हवा उपलब्ध नसते, आणि बाहेरचा दाब एका वातावरणाएवढा न राहता खोलीबरोबर वाढत जातो. पाण्याखाली चालणाऱ्या वाहनाच्या इंधन टाकीतील दाब कसा सांभाळावा, या प्रश्नाला अभियंत्यांनी जी उत्तरे शोधली त्यांपैकी सर्वांत यशस्वी ठरलेले उत्तर प्रथमदर्शनी अविचारी वाटावे असे आहे: टाकीचा तळ समुद्राला मोकळा ठेवावा. या उत्तराची सोय कोणती आणि त्याची किंमत कोणकोणत्या रूपांत मोजावी लागते, हे प्रस्तुत प्रकरणात पाहावयाचे आहे.

खोलीचे गणित

समुद्राच्या पाण्यात दर १० मीटर खोलीमागे दाब साधारणतः एका वातावरणाने, म्हणजे व्यवहारात एका ‘बार’ने वाढतो. म्हणून ३०० मीटर खोलीवर पाण्याचा दाब सुमारे ३० बार भरतो आणि टाकीच्या भिंतीच्या प्रत्येक चौरस मीटरवर जवळपास ३०० टनांचा भार येतो. भिंतीच्या आतल्या बाजूला साधी हवा असेल, तर हा सगळा भार एकट्या पोलादाला पेलावा लागतो. पाणबुडीचा माणसे राहतात तो भाग अशाच रीतीने बांधलेला असतो. त्याला दाबसह कवच म्हणतात. जाड, उच्च ताकदीच्या पोलादाचे, गोलाकार छेदाचे आणि आतून कड्यांनी बळकट केलेले हे कवच बांधणे हे पाणबुडीबांधणीतील अत्यंत अवघड काम समजले जाते. महाराष्ट्रात ते काम मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये झाले आहे. जर्मन आराखड्यावर तेथे बांधलेली आयएनएस शल्की ७ फेब्रुवारी १९९२ रोजी आणि आयएनएस शंकुल १९९४ मध्ये नौदलात दाखल झाली. त्यानंतर फ्रेंच स्कॉर्पिन आराखड्यावरील कलवरी वर्गाच्या सहा पाणबुड्या बांधल्या गेल्या, ज्यांतील पहिली, आयएनएस कलवरी, १४ डिसेंबर २०१७ रोजी आणि सहावी, आयएनएस वागशीर, १५ जानेवारी २०२५ रोजी नौदलात आली. या वर्गाची पाणबुडी सुमारे ६७.५ मीटर लांब असून पाण्याखाली तिचे विस्थापन साधारण १,७७५ टन असते.

एवढ्या आटोपशीर जहाजात कित्येक आठवड्यांच्या सफरीचे डिझेल सामावून घ्यायचे, तर ते सगळे दाबसह कवचाच्या आत ठेवणे परवडत नाही, कारण आतली जागा यंत्रे, विद्युतघट, पाणतीर आणि माणसे यांच्यासाठीच अपुरी असते. त्यामुळे डिझेल-विद्युत पाणबुड्यांत इंधनाचा काही साठा, आणि अनेक आराखड्यांत मोठा साठा, दाबसह कवचाच्या बाहेर, बाह्य आवरणाच्या आत ठेवण्याची पद्धत रूढ झाली. या बाहेरच्या टाक्यांच्या भिंती तुलनेने पातळ असतात, आणि ३० बार दाबाखाली त्या टिकतात त्या केवळ आतला व बाहेरचा दाब सारखा राखलेला असतो म्हणून.

रणगाड्याची श्वासनळी

सुप्यासारख्या समुद्रापासून दूर असलेल्या पठारी भागातही या प्रश्नाचे एक सौम्य रूप ओळखीचे आहे. जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असलेल्या अहिल्यानगर शहरात भारतीय सैन्याच्या चिलखती दलाचे केंद्र व प्रशिक्षण संस्था आहे, संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेची वाहनांवर संशोधन करणारी संस्था तेथेच आहे, आणि १९९४ मध्ये सुरू झालेले रणगाड्यांचे संग्रहालयही तेथे पाहावयास मिळते. भारतीय सैन्यातील टी-७२ आणि टी-९० हे रणगाडे पूर्वतयारीनंतर सुमारे ५ मीटर खोल पाण्याच्या तळावरून नदी पार करू शकतात. त्या वेळी पाण्याबाहेर डोके काढणाऱ्या एका उंच नळीतून इंजिनाला हवा मिळते. येथे पाण्याचा जादा दाब जेमतेम अर्धा बार असतो आणि प्रवास काही मिनिटांचाच असतो. म्हणून अशा वाहनात टाकीच्या श्वासनलिकेचे तोंड पाण्याच्या संपर्कापासून दूर, कोरड्या जागी राखले की काम भागते. पाणबुडीच्या बाबतीत मात्र कोरडी जागा ३०० मीटर वर असते. तेथवर नळी नेणे अशक्य आहे आणि नेली, तरी तिच्यातून उतरणारी हवा फक्त वातावरणाच्या दाबाची असल्यामुळे टाकीला आतून काहीच आधार मिळणार नाही. म्हणजे टाकीला आतून आधार द्यायचा तो हवेने देता येत नाही, पाण्यानेच द्यावा लागतो.

तळाशी पाणी, माथ्याशी तेल

पाण्याने आधार देण्याच्या या पद्धतीला दाबभरपाईची पद्धत म्हणता येईल. तिचा पाया घनतेतील फरक हा आहे. समुद्राच्या पाण्याचा एक घनमीटर साधारण १,०२५ किलो भरतो, तर डिझेलचा सुमारे ८५० किलो. दोन्ही एकमेकांत विरघळत नाहीत, त्यामुळे एकाच टाकीत डिझेल वर तरंगते आणि पाणी खाली राहते. टाकीच्या तळाशी समुद्राकडे जाणारी वाट ठेवली आणि इंधन माथ्यावरून काढले, तर जितके इंधन वरून जाते तितकेच पाणी खालून शिरते. टाकी एकदा भरल्यानंतर कधीच रिकामी होत नाही. तिच्यातील मालाचे प्रमाण तेवढे बदलत राहते. पाणबुडी खाली गेली की बाहेरचा दाब त्याच वाटेने आत पोहोचतो, वर आली की उतरतो, आणि या सर्व काळात भिंतीच्या दोन्ही बाजूंचा दाब जवळजवळ सारखा राहतो. ही व्यवस्था चालवण्यासाठी वेगळा दाबनियंत्रक लागत नाही, कारण नियंत्रणाचे काम समुद्र स्वतःच करतो.

दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी पाणबुड्यांत ही व्यवस्था चांगलीच विस्तारलेली होती. इंधन मुख्य टाक्यांतून, खालून येणाऱ्या पाण्याच्या रेट्याने, एका संकलन टाकीत येई, तेथून ते शुद्धीकरण यंत्रात जाई आणि मग आतल्या स्वच्छ इंधनाच्या टाकीत साठवले जाई. फुगणाऱ्या तेलाला सामावून घेण्यासाठी एक वेगळी प्रसरण टाकी असे. आणि काही टाक्या अशा होत्या की त्यांतील इंधन संपल्यावर त्या धुऊन पाणबुडी बुडवण्या-तरंगवण्याच्या मुख्य टाक्या म्हणून वापरता येत.

दाबाच्या दृष्टीने या साखळीतील सर्वांत नाजूक जागा टाकी ही नसते. बाहेरच्या टाकीतील डिझेलचा दाब समुद्राएवढा असतो आणि आतल्या टाकीचा दाब माणसांच्या श्वासातील हवेएवढा. या दोहोंना जोडणारी नळी जेथे दाबसह कवच भेदून आत येते, तेथे संपूर्ण फरक एका झडपेवर येऊन पडतो. सुदैवाने डिझेल इंजिनाला हवा लागत असल्यामुळे ते पृष्ठभागावर, किंवा पृष्ठभागाजवळ राहून स्नॉर्केल नावाची हवा ओढणारी नळी वर काढलेली असतानाच चालवता येते, आणि त्या उथळ पाण्यात जादा दाब एक-दोन बारच्या आसपास असतो. खोलवर पाणबुडी विद्युतघटांवर चालते. त्यामुळे इंधन आत घेण्याचे काम कमी दाबात उरकून घेता येते आणि खोल जाताना कवचावरच्या झडपा बंद ठेवता येतात.

जळणारे इंधन आणि वाढणारे वजन

ट्रक, विमान किंवा साधे जहाज इंधन जाळत जाते तसतसे हलके होते. दाबभरपाईच्या टाक्या असलेली पाणबुडी मात्र इंधन जाळत जाते तसतशी जड होते. शंभर घनमीटर डिझेलचे वजन ८५ टन असते. ते संपून त्याच्या जागी आलेल्या पाण्याचे वजन १०२.५ टन भरते, म्हणजे पाणबुडीवर १७.५ टनांचा बोजा वाढतो. जमिनीवर हा फरक किरकोळ ठरला असता, पण पाण्याखाली तरंगत राहण्यासाठी पाणबुडीचे वजन आणि तिच्यावरचे प्लावक बल, म्हणजे पाणी तिला वर ढकलते ते बल, यांचा अगदी काटेकोर मेळ घालावा लागतो. म्हणून कवचाच्या आत वजन समायोजनासाठी वेगळ्या टाक्या असतात आणि त्यांतून १७.५ टन पाणी हळूहळू बाहेर टाकावे लागते. इंधनाच्या टाक्या पुढे-मागे पसरलेल्या असल्यामुळे कोणत्या टाकीतून आधी इंधन घेतले यावर जहाज नाकाकडे झुकणार की शेपटीकडे, हेही ठरते, आणि ते सावरण्यासाठी पुढच्या व मागच्या टाक्यांत पाण्याची अदलाबदल करावी लागते.

हा जमाखर्च एकट्या इंधनाचा नसतो. बाहेरचे पाणीसुद्धा सर्वत्र सारखे नसते: अरबी समुद्र तुलनेने खारट, तर मोठ्या नद्यांचे गोडे पाणी पोटात घेणारा बंगालचा उपसागर कमी खारट आहे. पाण्याची घनता घनमीटरमागे अवघ्या एका किलोने उतरली, तरी १,७७५ टनांच्या पाणबुडीला मिळणारा आधार पावणेदोन टनांच्या आसपास कमी होतो. त्यामुळे मुंबईहून निघून विशाखापट्टणमकडे जाणाऱ्या पाणबुडीला वाटेत जळालेल्या डिझेलचा आणि बदललेल्या पाण्याचा असे दोन्ही हिशेब एकाच वेळी ठेवावे लागतात, आणि या प्रवासात दोन्ही एकाच दिशेने, जहाज जड करण्याकडे, काम करत असतात.

टाकी सदैव भरलेली राहते, यातून आणखी एक अडचण उभी राहते, ती म्हणजे इंधन किती उरले हे कसे ओळखावे. साध्या टाकीत द्रवाची पातळी पाहिली की भागते; येथे वरची पातळी कधी बदलतच नाही, बदलते ती तेल आणि पाणी यांच्यामधली सीमा. जुन्या काळी टाकीच्या वेगवेगळ्या उंचीवरून नमुना काढून तेल लागते की पाणी हे पाहिले जाई. आता दोन्ही द्रवांच्या विद्युत गुणधर्मांतील फरक ओळखणारे संवेदक वापरता येतात. जहाज हेलकावत असेल, तर ही सीमा तिरपी होते, म्हणून एका क्षणाच्या वाचनावर विसंबून चालत नाही.

तेलाचा तवंग

दोन्ही बाजूंचा दाब ‘जवळजवळ’ सारखा असतो, असे वर म्हटले आहे. या ‘जवळजवळ’चा अर्थ नीट पाहण्याजोगा आहे. टाकीचा तळ समुद्राला जोडलेला असल्यामुळे तळाशी आतला व बाहेरचा दाब तंतोतंत सारखा असतो. तळापासून वर येताना बाहेर जड पाणी आणि आत हलके डिझेल असल्यामुळे बाहेरचा दाब झपाट्याने, तर आतला सावकाश उतरतो. परिणामी डिझेलने पूर्ण भरलेल्या ३ मीटर उंच टाकीच्या माथ्याशी आतला दाब बाहेरच्यापेक्षा सुमारे ०.०५ बारने, म्हणजे दर चौरस मीटरला अर्ध्या टनाने, जास्त असतो. पत्र्याच्या ताकदीच्या मानाने हा भार क्षुल्लक आहे, पण माथ्यावरच्या सांध्यात केसाएवढी फट पडली, तर गळती नेहमी आतून बाहेर होणार, हे त्यातून निश्चित होते. बाहेर पडलेले डिझेल वर तरंगत जाऊन पसरते. एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, जाडीच्या थरात पसरलेले एक लिटर तेल १,००० चौरस मीटर पाणी व्यापते. लपून राहणे हेच ज्या जहाजाचे बळ, त्याला असा तवंग घातक ठरतो, आणि महायुद्धांच्या काळात तेलाच्या रेषेवरून पाणबुडीचा माग काढला जात असे.

गळती नसतानाही तेल बाहेर पडण्याचा एक मार्ग असतो, तो म्हणजे तापमानाचा. डिझेल दर अंश सेल्सिअसला आपल्या आकारमानाच्या सुमारे ०.०८ टक्के प्रसरण पावते. मुंबई बंदरात ३० अंश तापमानाला भरलेले १०० घनमीटर डिझेल खोल पाण्यात २० अंशांपर्यंत थंड झाले, तर ते सुमारे ८०० लिटरने आक्रसते. ३० बार दाबामुळे आणखी २०० लिटरच्या आसपास घट होते. आणि ही सारी जागा तळातून आलेले पाणी भरून काढते. पाणबुडी पुन्हा उबदार पाण्यात आली की उलट घडते आणि तळाकडून पाणी बाहेर ढकलले जाते. टाकी जर तळापर्यंत डिझेलनेच भरलेली असेल, तर तेथून पाण्याऐवजी डिझेलच बाहेर जाईल. म्हणूनच अशी टाकी काठोकाठ इंधनाने भरत नाहीत. तळाशी पाण्याचा एक थर राखून ठेवतात, किंवा तिला प्रसरण टाकीची जोड देतात.

बंदरात इंधन भरताना हीच अडचण मोठ्या प्रमाणावर उभी राहते, कारण टाकीत येणारे प्रत्येक लिटर डिझेल आतले एक लिटर पाणी बाहेर काढते, आणि ते पाणी तेलाच्या सहवासात राहिलेले असते. जहाजांमुळे होणाऱ्या प्रदूषणासंबंधीच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार व्यापारी जहाजांच्या यंत्रविभागातून बाहेर सोडल्या जाणाऱ्या पाण्यात तेलाचे प्रमाण दहा लाख भागांत १५ भागांहून अधिक असता कामा नये. युद्धनौका या करारातून वगळलेल्या असल्या, तरी त्यांनी शक्य तितके त्याच्याशी सुसंगत वागावे, अशी अपेक्षा त्यातच नमूद आहे. म्हणून इंधन सावकाश भरणे, म्हणजे तेल-पाण्याची सीमा ढवळली जाऊ न देणे, हा केवळ टापटिपीचा भाग राहत नाही.

पाण्यात मुरलेले डिझेल

पाणी आणि डिझेल शेजारी ठेवण्याची सर्वांत रोजची किंमत इंजिनाच्या दारात मोजावी लागते. डिझेल इंजिनात इंधनाचे फवारे अत्यंत उच्च दाबाने, केसासारख्या छिद्रांतून सोडले जातात. त्यांत खारे पाणी गेले तर भाग गंजतात, घासतात आणि फवारा बिघडतो. म्हणून इंधन आधी काही काळ स्थिर ठेवून त्यातले पाणी तळाशी बसू देतात, मग ते अपकेंद्री यंत्रातून, म्हणजे वेगाने फिरून जड पाणी कडेला फेकणाऱ्या यंत्रातून, फिरवतात, आणि अखेरीस सूक्ष्म थेंबांना एकत्र आणून मोठे करणाऱ्या गाळण्यांतून नेतात. तेल-पाण्याच्या सीमेवर बुरशी आणि जीवाणू यांची वस्तीही होते, कारण त्यांना एका बाजूला अन्न आणि दुसऱ्या बाजूला पाणी मिळते. त्यांचा चिकट गाळ गाळण्या तुंबवतो आणि काही जीवाणूंच्या वाढीमुळे टाकीचे पोलाद खाल्ले जाते.

यावर उपाय म्हणून तेल आणि पाणी यांच्यामध्ये रबरी पिशवी ठेवता येते. दाब पिशवीच्या लवचीक भिंतीतून पोहोचतो, द्रव मात्र मिसळत नाहीत. लहान वाहनांना हा मार्ग मानवतो. मोठ्या टाकीत मात्र पिशवीच्या घड्यांत इंधन अडकून राहते, रबर कालांतराने चिरते आणि आत जाऊन ते बदलणे जिकिरीचे होते. त्यामुळे मोठ्या पाणबुड्यांत मिसळण्याचा धोका पत्करून शुद्धीकरणावर भर देण्याकडे कल राहिला.

अकरा किलोमीटर खाली

दाबाला वाट देण्याच्या तत्त्वाची कठोर परीक्षा २३ जानेवारी १९६० रोजी झाली. त्या दिवशी जाक पिकार आणि डॉन वॉल्श हे दोघे ‘त्रिएस्ते’ या यानातून पॅसिफिक महासागरातील मरियाना गर्तेच्या तळाशी, सुमारे १०,९०० मीटर खोलीवर उतरले. दोघे बसले होते तो पोलादी गोल १२.७ सेंटिमीटर जाड होता. त्याला तरंगवणाऱ्या वरच्या तरंडात मात्र सुमारे ८५,००० लिटर पेट्रोल भरलेले होते आणि त्याची भिंत पातळ पत्र्याची होती, कारण त्याचा तळ समुद्राला मोकळा होता. हे पेट्रोल जाळण्यासाठी नव्हते. पाण्यापेक्षा हलके म्हणून ते यानाला तोलून धरत होते. खोल जाताना हजार बारहून अधिक दाबाने आणि थंडीने ते आक्रसत गेले, त्याच्या जागी पाणी शिरत गेले, आणि यान उतरता उतरता आपोआप जड होत गेले; ते सावरण्यासाठी लोखंडी छर्रे टाकून द्यावे लागत.

आजच्या स्वयंचलित आणि दूरनियंत्रित जलयानांत डिझेल नसते, पण त्यांच्या विद्युत मोटारी आणि जोडण्यांच्या पेट्या अनेकदा तेलाने भरलेल्या असतात आणि एक लवचीक पडदा किंवा धातूचा भाता बाहेरचा दाब त्या तेलापर्यंत पोहोचवतो. या पडद्यामागे बहुधा स्प्रिंग बसवलेली असते, जेणेकरून आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्तच राहावा आणि फट पडलीच, तर तेल बाहेर जावे, खारे पाणी आत येऊ नये. आतून बाहेर होणारी जी गळती पाणबुडीला उघडी पाडते, तीच या लहान यंत्रांना वाचवते.

अंबरनाथचा नवा हिशेब

पाणबुडीच्या वजनाच्या जमाखर्चात आता डिझेलखेरीज आणखी एका साठ्याची भर पडणार आहे. ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथ येथील नौदल पदार्थ संशोधन प्रयोगशाळेने पाणबुड्यांसाठी इंधनघटावर, म्हणजे हायड्रोजन आणि प्राणवायू यांच्या संयोगातून वीज निर्माण करणाऱ्या घटावर, चालणारी, बाहेरच्या हवेवर अवलंबून नसलेली ऊर्जाप्रणाली विकसित केली असून तिच्या जमिनीवरील प्रतिकृतीची चाचणी मार्च २०२१ मध्ये यशस्वी झाल्याचे जाहीर करण्यात आले. ३० डिसेंबर २०२४ रोजी संरक्षण मंत्रालयाने अशा प्रणालीचा भाग पाणबुडीत बसवण्यासाठी माझगाव डॉकशी करार केला. या प्रणालीत हायड्रोजन जहाजावरच तयार होतो आणि प्राणवायू द्रवरूपात न्यावा लागतो.

द्रवरूप प्राणवायू सुमारे उणे १८३ अंशांवर साठवतात. त्याच्या टाकीत समुद्राचे पाणी घेण्याचा प्रश्नच येत नाही, त्यामुळे ती उष्णतारोधक, बंद आणि स्वतःचा दाब स्वतः सांभाळणारी असावी लागते. शिवाय त्याचा एक घनमीटर सुमारे १,१४० किलो, म्हणजे समुद्राच्या पाण्यापेक्षाही जड असतो. इंधनघटात तयार झालेले पाणी बाहेर सोडून दिले, तर प्राणवायू खर्च होईल तसतशी पाणबुडी हलकी होत जाते आणि ती उणीव भरून काढण्यासाठी समायोजन टाकीत पाणी घ्यावे लागते. डिझेल जाळताना पाणी बाहेर टाकायचे आणि प्राणवायू वापरताना पाणी आत घ्यायचे, असे दोन उलट्या दिशांचे हिशेब मग एकाच जहाजावर, त्याच टाक्यांत आणि त्याच पंपांनी सांभाळावे लागतील.